मुलं शाळेत जात नाहीत, मग दिवसभर करतात काय?

गिरणीवर दळणाचा डबा ठेवून नंबर यायची वाट बघत उभी असते, तेव्हा शेजारच्या गल्लीतली एक आजी हमखास विचारते, "पोऱ्या शायम काबरं जात नही वं माय?" मुलगा शाळेत का जात नाही, एवढं साधं विचारणं. गेली चार वर्षं हा प्रश्न मला गिरणीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे भेटतो. दळण होईपर्यंत जमेल तेवढं सांगते, पण तेवढ्यात ते पुरं होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आम्ही अमळनेरला राहतो. घराला लागूनच नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. थोरली तेरा वर्षांची, धाकटा दहाचा. थोरली चौथीपर्यंत शाळेत होती, धाकट्याचं एकच वर्ष झालं होतं. दोघांना काढलं आणि घरी शिकवायला बसवलंही नाही. या दुसऱ्या भागाचंच लोकांना नवल वाटतं. त्याला अनस्कूलिंग म्हणतात.

शब्दांचा घोळ आधी सोडवू

होमस्कूलिंग म्हणजे शाळा घरी आणणं. पुस्तकं तीच किंवा दुसऱ्या बोर्डाची, वेळापत्रक असतं, आई किंवा बाबा शिकवतात, मूल शिकतं. अनस्कूलिंगमध्ये आधीपासून ठरलेला अभ्यासक्रमच नसतो. मूल ज्या कामाकडे, ज्या प्रश्नाकडे ओढलं जातं तिथून शिकणं सुरू होतं, आणि मोठ्यांनी त्याला लागेल ते जवळ आणून द्यायचं: माणूस, पुस्तक, हत्यार, प्रवास, कधी नुसता वेळ.

हा शब्द रूढ केला जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने. पाचवीच्या वर्गावर शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की हुशार म्हणवणारी मुलंसुद्धा विषय समजून घेण्यापेक्षा शिक्षकाला हवं असलेलं उत्तर ओळखण्यातच शक्ती घालवतात. आधी बरीच वर्षं ते शाळा सुधारा म्हणून लिहीत राहिले. पुढे १९७७ मध्ये त्यांनी मुलांना घरीच वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केलं आणि तिथून ही कल्पना पसरली.

आपल्याकडे या विचाराची भावंडं जुनी आहेत. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम ही शिक्षणपद्धती मांडली, तिच्या मध्यभागी हातकाम होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली, म्हणजे गुरं चारायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची. पण या सगळ्यांनी शाळा बदलली, शाळा सोडा असं कुणी म्हटलं नाही. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण मोठी नावं घेऊन आपला निर्णय पवित्र करून घेण्याचा मोह होतो.

आणि अमळनेरात तर हे बोलणं आणखी जड जातं. साने गुरुजी याच गावात १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचं दैनिक काढायचे. त्या शिक्षकाचा अभिमान बाळगणाऱ्या गावात पोरं शाळेतून काढायची म्हणजे लोकांच्या कपाळावर आठी येणारच, आणि मला ती आठी चुकीची वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. खान्देशात कुणी ना कुणी म्हणतंच, बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? हे उदाहरण मी कधीच देत नाही. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या मुलाने आणि आप्तांनी टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या. शाळा त्यांनी नाकारली नव्हती, त्यांना ती मिळाली नव्हती. आजही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं शाळेबाहेर पडतात. ते अनस्कूलिंग नाही, ती वंचना आहे. ज्या मुलीला शाळेमुळे एक वेळचं जेवण मिळतं आणि जिचं लग्न दोन वर्षं लांबतं, तिच्यासाठी शाळेसारखं दुसरं काही नाही. आमचं घर चालतं, दोघं शिकलेले आहोत, मुलं कधीही शाळेत परत जाऊ शकतात, म्हणून आम्हाला निवड आहे. निवड नसताना हा रस्ता कुणाला दाखवू नये.

मग शिकतात कशी?

थोरलीला शाळेतून का काढलं ते सांगते. ती वर्गात पहिली यायची. एका संध्याकाळी तिच्या बाबांनी दुकानात मोटारीतले स्लॉट, म्हणजे तार बसवायच्या खाचा, दाखवत सहज विचारलं, "छत्तीस स्लॉट आहेत, तीन फेज आहेत, एका फेजला किती आले?" तिने वर बघितलं आणि विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" उत्तर तिला येत होतं. पण द्यायचं की नाही हे ती परीक्षेला विचारून ठरवत होती. ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

यामागे मानसशास्त्रातली एक नीट तपासलेली गोष्ट आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांपेक्षा साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. चित्र काढणं हे त्यांच्यासाठी बक्षिसाचं काम होऊन बसलं होतं. बक्षीस संपलं तसं कामही संपलं. अनस्कूलिंगचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे: आतून आलेली ओढ नाजूक असते, तिच्यावर बाहेरून बक्षीस-शिक्षा लादली की ती विझू शकते.

पण ओढ आहे म्हणून ज्ञान आपोआप येतं, असं मात्र नाही. नवीन पालक इथेच फसतात. आम्हीही फसलो होतो.

मुलं दुकानात बसायला लागली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे जळालेल्या मोटारींची रांग लागते, कारण बोअरचं पाणी खाली जातं, मोटार कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळतं. जुनं वाइंडिंग कापायच्या आधी त्याची सगळी माहिती लिहून ठेवावी लागते: किती एचपी, किती स्लॉट, एका कॉइलला तारेचे किती टर्न म्हणजे वेढे, तार कुठल्या गेजची. ती वही आता थोरली ठेवते. फर्म्यावर कॉइल गुंडाळताना टर्न मोजायचं काम धाकट्याचं. एक टर्न चुकला तर बाप ओरडत नाही, पूर्ण कॉइल सोडून पुन्हा गुंडाळायला लावतो. छत्तीस स्लॉट, तीन फेज, म्हणून फेजला बारा. चार पोलची मोटार, म्हणून पोलला प्रत्येक फेजचे तीन. हा भागाकार धाकट्याने कधी पाठ केला नाही, त्याच्या बोटांत बसला.

जळकी तांब्याची तार भंगारात वजनावर जाते. एकदा तीन किलो चारशे ग्रॅम भरली, भाव सातशे. आठ-साडेआठ वर्षांचा असेल तेव्हा, त्याने तोंडी सांगितलं: तीन किलोचे एकवीसशे, अर्ध्या किलोचे साडेतीनशे, त्यातून शंभर ग्रॅमचे सत्तर काढले, दोन हजार तीनशे ऐंशी. भंगारवाला हसला आणि तेवढेच दिले. मला केवढा आनंद झाला. दहाव्या वर्षी एक दिवस मी सहज कागदावर लिहून दिलं, ३.४ गुणिले ७००. त्याने बराच वेळ घेऊन लिहिलं २३८००, आणि ते उत्तर त्याला चुकीचंही वाटलं नाही.

मी घाबरले. मग कळलं की हे फक्त आमच्याच पोराचं नाही. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला होता. विकताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर मांडून दिली तर ३७ टक्केच. मुलं थोडी होती, पण तेच चित्र पुढे मोठ्या प्रमाणावर दिसलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही बाजारातला हिशेब फटाफट करणारी मुलं पुस्तकी उदाहरणाला अडली, आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडली. म्हणजे हे दोन काठ आहेत. शाळा एका काठावर उभी आहे, आम्ही दुसऱ्या. मधला पूल आपोआप बांधला जात नाही, तो कुणीतरी माणसाने बांधावा लागतो.

माझ्या मते अनस्कूलिंगमधलं मोठ्यांचं खरं काम हेच. बसून शिकवायचं नाही, पण मूल कुठे उभं आहे ते रोज बघायचं आणि पुढचा दगड पायाशी ठेवायचा. त्या दिवसानंतर भंगाराचा हिशेब आम्ही आधी तोंडी आणि मग कागदावर, असा दोन्हीकडून करू लागलो. दशांश चिन्ह म्हणजे किलो आणि ग्रॅम यांच्यामधली रेघ, हे कळल्यावर त्याने २३८०० वर स्वतःच काट मारली: "एवढे पैसे आले तर आपण नवीन मोटारच घेऊ!"

वाचायला उशीर झाला त्याची गोष्ट

धाकटा साडेआठ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. हे लिहिताना आजही छातीत धडधडतं. सासूबाई रोज पाटी काढायच्या आणि मी रोज ती परत ठेवायचे.

संध्याकाळी फिरायला आम्ही एसटी स्टँडवर जायचो, त्याला गाड्यांचं वेड. बोर्ड बघून तो गाडी ओळखायचा, पण अक्षरं वाचून नव्हे, पूर्ण बोर्ड चित्रासारखा ओळखून. एक दिवस तो थबकला. "आई, धुळे आणि धरणगाव सारखेच चालू होतात." मी म्हटलं, हो. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी, "पारोळा आणि पाचोरा. पण हा 'पा' आणि आपल्या पाटीवरचा 'प' वेगळा का?" त्या काठीला काना म्हणतात, एवढंच मी सांगितलं. पुढच्या तीन आठवड्यांत तो स्टँडवरचं सगळं वाचायला लागला, अगदी "येथे थुंकू नये" सुद्धा. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे, त्यामुळे एकदा किल्ली हाती लागली की दार भर्रकन उघडतं.

पण इथे पालकांनी स्वतःला फसवू नये. वाट बघणं आणि दुर्लक्ष करणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. वाट बघत होते तेव्हा मी त्याचे डोळे तपासून घेतले होते, कान तपासले होते. तो गोष्टी लक्ष देऊन ऐकतो का, शब्दांचे खेळ खेळतो का, यमक ओळखतो का, हे टिपून ठेवत होते. यातलं काही अडलं असतं, आवाज सुटे करता येत नसते किंवा अक्षरांशी झगडून तो रडला असता, तर मी थांबले नसते. वाचन-अक्षमता असेल तर मदत जितकी लवकर तितकी चांगली. मूल आपल्या वेगाने शिकेल हे वाक्य त्याच्या अडचणीवर पांघरूण घालायला वापरलं, तर तो अन्याय आहे.

घर कसं चालतं

आमचा दिवस ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, मग पहाटे साडेपाचला उठून नऊच्या आत बाहेरची कामं उरकायची आणि दुपारी ओल्या पडद्याआड पडून राहायचं. वाचन, चित्रं, रेडिओ उघडून परत जोडणं हे सगळं त्या दुपारींत होतं. हिवाळ्यात दुपारी शेतावर. शेतीला रात्रीची लाईट असते तेव्हा शेतकरी पहाटे पहाटे मोटार घेऊन दारात उभा असतो, आणि त्या दिवशी सगळ्यांची झोप मोडते.

शाळेतून काढल्यावरचे पहिले सहा महिने मात्र असे नव्हते. थोरली नुसती लोळायची, फोन बघायची, "कंटाळा आला" म्हणायची. या काळाला शाळा अंगातून उतरणं म्हणतात. शाळेत गेलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना धरा, असं अनुभवी पालक सांगतात. हा काही शास्त्रीय आकडा नाही, पण धीर धरायला उपयोगी पडतो. रोज दुसऱ्याने आखून दिलेला दिवस जगायची सवय झाल्यावर आपला दिवस आपण आखणं जमेपर्यंत वेळ लागतोच. फोनचं आम्ही असं केलं: बंदी घातली नाही, पण फोन सगळ्यांचाच एका टोपलीत, आमचाही. ग्राहकाचा फोन दुकानातल्या साध्या हँडसेटवर. मोठ्यांनी हातात फोन धरून मुलांना पुस्तक घे म्हणणं चालत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात उमगलं.

खरी कसोटी लागते ती नात्यांची. घरात चोवीस तास सगळे एकत्र. भांडणं जास्त होतात, आणि शाळेच्या घंटेने ती सुटत नाहीत, आपणच सोडवावी लागतात. सगळा भार बाईवर येतो हेही खरं. सुरुवातीला स्वयंपाक, दुकानाचे हिशेब आणि "आई हे काय, आई ते काय" यात मी पार थकून गेले होते. मग नवऱ्याशी स्पष्ट बोलले. आता सकाळी नऊ ते बारा मुलं त्याच्या हवाली असतात, त्या वेळेत मला हाक मारायची नाही. ज्या घरात बाप यात उतरणार नाही, तिथे हा निर्णय घेऊ नका असं मी सरळ सांगते.

सोबतीचा प्रश्न लोक बरोबर विचारतात. गल्लीतली पोरं पाचपर्यंत शाळेत आणि मग ट्यूशनला. दुपारी आमची एकटी पडतात. मागच्या वर्षी धाकट्याने स्वतःच हट्ट धरला, मला मित्रांबरोबर शाळेत जायचंय. पाठवला. चार महिने गेला, डबा, कवायत, गॅदरिंग सगळं मनापासून केलं, मग परत घरी राहतो म्हणाला. काहींना हा पोरखेळ वाटला. मला वाटतं, निवड त्याची आहे असं म्हणायचं तर ती दोन्ही बाजूंनी खुली हवी.

आणि आजी. घरात आजी नसती तर आमच्या मुलांचं शिक्षण निम्मंच झालं असतं. अहिराणी त्यांना आजीकडून मिळाली. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं पीठ कसं आंबवायचं, कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालायचे, हेही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातली देवी, कानबाई, घरात बसते. त्याच्या आधी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजून काढतात. आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सासूबाई मोजत होत्या, थोरली लिहीत होती. मध्येच तिने विचारलं, "आजी, माझी मूठ कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या, पोरींची नसते, पोरी दुसऱ्या घरच्या. "मग कानबाई कोणाच्या घरची?"

सासूबाईंचा हात सुपातच थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र नातीला जवळ घेऊन त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की त्या चौथीत पहिल्या आल्या होत्या आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची शाळा बंद झाली. तिच्या मुठीवरून वाद अजून मिटलेला नाही. या श्रावणात पुन्हा निघेल. समाजशास्त्र, धर्म, इतिहास, घरातलं राजकारण, सगळं त्या सुपाभोवती होतं, आणि मी त्यातलं काहीच आखलेलं नव्हतं.

कायदा, परीक्षा आणि दाखला

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. घरी शिकण्याला कायद्यात वेगळी जागा नाही, आणि पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. म्हणजे आम्ही एका न बोललेल्या जागेत राहतो, हे माहीत असूनच यात पडावं. त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. धाकट्याच्या चार महिन्यांच्या शाळेला तेच कामी आलं.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, १९८९ पासूनची. किमान वय १४, पाच विषय, एकेक करूनही देता येतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म आहे. थोरलीने पुढच्या वर्षापासून मुक्त विद्यालयातून विषय द्यायचं ठरवलंय, डेटा एंट्री आणि गणित आधी, कारण वहीतल्या मोटारींची माहिती तिला संगणकावर चढवायची आहे.

कागदपत्रांचं मात्र कुणी आधी सांगत नाही. जातीच्या दाखल्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नोंद हा आपल्याकडचा नेहमीचा पुरावा. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाकडे तो नसतो. जन्मदाखला, वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे दाखले आधीच शोधून ठेवा. थोरलीचा दाखला मिळवायला आम्हाला एका शाळेत सात हेलपाटे घालावे लागले.

पुढे काय होतं या मुलांचं? पीटर ग्रे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनस्कूलिंगमध्ये वाढलेल्या ७५ प्रौढांना विचारलं, त्यातले ८३ टक्के पुढे कुठल्या ना कुठल्या औपचारिक उच्च शिक्षणाकडे गेले होते. आकडा चांगला आहे, पण ही माणसं आपणहून उत्तर द्यायला पुढे आली होती, आणि अमेरिकेतली परिस्थिती वेगळी. मी त्यावर घर बांधत नाही.

मी ज्यावर विसंबते ते असं काहीतरी. महिन्याभरापूर्वी धाकट्याने बापाला विचारलं, "दोन वायरी उलटसुलट लावल्या की मोटार उलटी का फिरते?" बापाला वीस वर्षांचा अनुभव. दोन वायरी बदलून दिशा तो रोज बदलतो. पण का, हे त्याला सांगता येईना, आणि त्याने तसं प्रामाणिकपणे सांगितलं: "करता येतं मले, सांगता येत नही." एका ग्राहकाचा मुलगा ठेवून गेलेलं आयटीआयचं जुनं पुस्तक थोरलीने आठ दिवस वाचलं. मग तिने आम्हाला स्वयंपाकघरात गोल उभं केलं. आजी एक, मी दोन, ती तीन. धाकटा मध्ये. "टाळी ओळीने वाजवायची. जिची टाळी तिच्याकडे तू तोंड करायचं." एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. तो गोल फिरायला लागला. मग तिने मला आणि स्वतःला जागा बदलायला लावली, आकडे तेच ठेवून. पुन्हा टाळ्या. तो उलटा फिरला. आजी टाळी वाजवताना हसत सुटल्या होत्या.

धाकटा मध्येच थांबला. "तिघींनी जागा बदलल्या तर? आजी तुझ्या जागी, तू ताईच्या, ताई आजीच्या?"

आम्ही आधी मूळ जागी आलो, मग तो म्हणाला तसं सरकलो. टाळ्या वाजल्या. तो पहिल्यासारखाच, सुलट फिरला. दोन क्षण तो तसाच उभा राहिला, मग चप्पल न घालता दुकानाकडे पळाला. स्टार्टरच्या तीनही वायरी बदलून मोटार कुठल्या दिशेने फिरते, हे त्याला आत्ताच्या आत्ता बघायचं होतं. जाता जाता आधी मेन स्विच बंद कर म्हणून मी ओरडले, तर दुकानातून उत्तर आलं की बाबांनी केव्हाच बंद केलाय.